सतरा नंबरचा बिल्ला

१

मंगळवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी तामता शरीररचनेच्या परीक्षेत पास झाली. तेही ‘सी’ श्रेणीत.

आता हे विसरून जा. विद्यापीठाच्या दप्तरी असं काही घडलेलंच नाही, आणि चेक देशातल्या ब्रनो शहरात जे दप्तरी नाही ते घडलंय असं म्हणत फिरणं बरं दिसत नाही. आपण पावणेअकरापासून सुरुवात करू.

पावणेअकराला जॉर्जिया देशातल्या कुताइसी गावची तामता किकनाद्झे प्रोफेसर वोंद्रुश्कांसमोर उभी होती. दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर, कारण सहायक डॉक्टर श्कोपकोवा त्याशिवाय कुणाला पिशवीला हात लावू देत नसत. पिशवी कापडी. आत साठ लाकडी बिल्ले. बिल्ल्यावर आकडा, आकड्याला एक प्रश्न, प्रश्नाला वीस मिनिटं. लेखी परीक्षेत निदान कागदाकडे बघून रडता येतं. तोंडी परीक्षेत समोर प्रोफेसर असतात.

ही तिची तिसरी खेप होती. चौथी नसते. तिसऱ्यांदा नापास झालं की शिक्षण संपतं, शिक्षण संपलं की राहायचा परवाना संपतो, आणि परवाना संपला की कुताइसीचं विमान. तिकडे आईनं अख्ख्या गल्लीला तिला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायची सवय लावून ठेवली होती. शेजारच्या तिघी जणींनी तर आपले दुखरे गुडघे दुसऱ्या कुणाला दाखवायचे नाहीत असं ठरवलं होतं. पोरगी शिकून येईपर्यंत कळ काढू म्हणाल्या.

पहिल्या खेपेला तामतानं सतरा नंबर काढला होता. सतरा म्हणजे जांघेतला मार्ग. पोटाच्या भिंतीतली ती तिरकी वाट, जिथून हर्निया उतरतो. तिला त्या मार्गाच्या चारही भिंती पाठ होत्या, पण बोलायला लागल्यावर त्या एकेक करून तिच्याच अंगावर पडल्या. दुसऱ्या खेपेला हात घातला, तर पुन्हा सतरा. साठांतून एक, लागोपाठ दोनदा. तिची खोलीतली जोडीदारीण लियोनोर म्हणाली, “अगं, एवढं नशीब घेऊन परीक्षा कसल्या देतेस? लॉटरी काढ.”

तिसऱ्या खेपेला निघाला बेचाळीस. पंजाची हाडं. तामता वीस मिनिटं न थांबता बोलली आणि प्रोफेसर डोळे मिटून ऐकत राहिले.

“सी,” ते म्हणाले. मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि ताडकन उठले. मंगळवारी उपाहारगृहात सायीच्या रश्शातलं मांस असतं. साडेअकराला रस्सा संपतो आणि नुसते पावाचे गोळे उरतात. “सही जेवून आल्यावर करतो,” असं जिन्यातून ओरडून ते दिसेनासे झाले.

मागे श्कोपकोवा मॅडम बिल्ले मोजत बसल्या. एकदा मोजले. पुन्हा मोजले. मग पिशवी उलटी करून झटकली.

“एकोणसाठ,” त्या म्हणाल्या. “सतरा नाहीये.”

आणि त्यांनी तामताकडे पाहिलं.

२

साडेबाराला प्रोफेसर परतले ते कोट न काढता थेट वर. हे नवलच होतं. कोट खालच्या खिडकीत ठेवायचा आणि बिल्ला घ्यायचा, हा नियम शिपायापासून डीनपर्यंत सगळ्यांना लागू आहे, असं ते दर वर्षी पहिल्याच तासाला सांगत. पण मॅडमनी फोनच असा केला होता.

बातमी ऐकून ते खुर्चीत मटकन बसले. तामताला वाटलं, तासाभरात माणूस किती खचतो! खांदे कोटात बुडाले होते, बाह्यांतून नुसती नखं दिसत होती. आपल्यामुळे एक म्हातारा माणूस आक्रसला, या विचारानं तिला भडभडून आलं.

“सतरा?” प्रोफेसर पुटपुटले. जाकिटाच्या खिशात हात घातला, काढला, आणि त्यांचा चेहरा उलट जरा उजळला. “छे. नाही. शक्यच नाही.” मग धीर यावा म्हणून त्यांनी गरम पाण्याचा कप पुढे ओढला, कोटाच्या खिशातून एक गोल डबी काढली आणि त्यातल्या दोन चिमुकल्या पुड्या पाण्यात सोडल्या. “काटकसर, काटकसर. आता चहाच्या पुड्यासुद्धा नखाएवढ्या केल्या.”

ते प्यायले. थोड्या वेळानं त्यांचा रंग भिंतीसारखा झाला आणि त्यांना उचक्या लागल्या. तामतानं तोही दोष स्वतःकडे घेतला.

“सर, यात शोधायचं काय?” मॅडम म्हणाल्या. “हा बिल्ला कुणाला नको होता? दोनदा त्याच्यावर नापास कोण झालं? आणि तिसऱ्यांदा तो पिशवीतून गायब असताना पास कोण झालं? तीन प्रश्न आणि उत्तर एकच.”

“मी नाही घेतला हो,” तामता म्हणाली.

“गुरुवारी दहाला समिती बसेल. तोवर बिल्ला आला नाही, तर गैरप्रकार म्हणून तिसरी खेप नापास.” मॅडमनी वही मिटली. “आणि बिल्ला आणून दिलात, तर तुम्हीच घेतला होतात हे सिद्ध होईल. तेव्हा विचार करून आणा.”

३

बुधवारी सकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तामतानं पहिला संशयित गाठला. तो अंडी तळत होता.

“लियोनोर, खरं सांग. सोमवारी तू म्हणाली होतीस, त्या सतराला मी गिळून टाकते.”

“म्हणाले होते. मग?”

“काल सकाळी पहिली परीक्षा तुझीच होती.”

लियोनोरनं उलथणं खाली ठेवलं. ती पोर्तुगालची होती आणि मैत्रीच्या बाबतीत तिला चेष्टा खपत नसे. “अगं बये, बाह्या इथपर्यंत वर. मॅडम कोपराकडे अशा बघतात जशी काही तिथं चोरकप्पाच आहे. दोन बोटांत एक बिल्ला धरून हात बाहेर काढायचा आणि तळवा उघडून दाखवायचा. त्यात दुसरा कुठं लपवू? गिळायचा तरी तोंडापर्यंत न्यायला नको?”

“मग त्या मॅडमनीच काढला असेल. त्यांना ही पिशवीच नकोय. सोडत संगणकावर काढा म्हणून किती वर्षं मागे लागल्यात.”

“मग त्या सगळी पिशवी घालवतील. एक बिल्ला घालवून सहा वेळा मोजत कोण बसेल? आणि सकाळी साडेआठला साठ मोजून त्यांनी पिशवी सरांच्या ताब्यात दिली, ते मी डोळ्यांनी बघितलंय.”

तामता स्टुलावर बसली. म्हणजे कुणीच घेतला नव्हता, आणि तरी तो नव्हता. खिडकीबाहेर उणे नऊ होतं. उद्या याच वेळी आपण बॅग भरत असू, हे तिला इतकं स्वच्छ दिसलं की कोणते मोजे आधी ठेवायचे तेही तिनं मनात ठरवून टाकलं.

तेवढ्यात दार ढकलून वसतिगृहाचं करडं ब्लँकेट आत आलं. ब्लँकेटात आस्लाक होता. नॉर्वेचा, साडेसहा फुटी. मंगळवारी तामताच्या आधीची परीक्षा त्याची होती.

“हे काय रे सोंग?” लियोनोर म्हणाली.

“कोट गेला. काल, फॅकल्टीतून. परीक्षा झाली, अभ्यासिकेत जरा डुलकी काढली, दीडला खाली आलो तर कोट नाही. तिथून असाच पळत आलो.” तो हीटरला चिकटून उभा राहिला. “कोटाचं मरू दे. खिशात डबी होती माझी.”

“कसली?”

“तंबाखू. ओठाखाली ठेवायच्या पुड्या. मामानं ट्रॉन्डहाइमहून पाठवलेल्या. अकरा उरल्या होत्या.”

“तक्रार कर ना मग.”

“केली. ते म्हणाले, कोट हा इमारत विभागाचा प्रश्न आहे आणि इमारत विभाग सोमवारी उघडतो. मी म्हटलं, तुमच्याकडे काल आणखीही काहीतरी हरवलंय म्हणे. ते म्हणाले, तो शैक्षणिक प्रश्न आहे, त्याचा कोटाशी संबंध जोडू नका.” त्यानं ब्लँकेटातून हात बाहेर काढला. तळव्यावर पत्र्याचा एक बिल्ला होता. “कोट नाही, पण बिल्ला हा बघा, माझ्याजवळच आहे.”

तामतानं बिल्ल्यावरचा आकडा वाचला आणि अंड्यांचा वास एकदम लांब गेल्यासारखा वाटला.

सतरा.

४

कोटांच्या खिडकीत मिलुशाबाई शब्दकोडं सोडवत होत्या. त्या वर बघत नसत. समोर बिल्ला पडला की हात मागे जाई, खुंटीवरचा कोट येई आणि त्या खुंटीवर बिल्ला लटके. मधे चेहरा नावाची वस्तू येतच नसे.

“मावशी, माझा कोट,” आस्लाक म्हणाला.

“आलास परत? अरे, एक्केचाळीस वर्षांत माझ्याकडून एक रुमाल गेला नाही, तुझा कोट कसा जाईल? बिल्ला आला, कोट गेला. सतरा नंबरचा बिल्ला माझ्याकडे आलाय. हा बघ, खुंटीवर आहे. म्हणजे तुझ्या हातातला बनावट.”

“मावशी, पत्र्याचे बनावट बिल्ले मी कशाला पाडू?”

“ते तुझं तुला माहीत. उंच माणसांचा मला भरवसा नाही.”

“कधी आला तो बिल्ला?” तामतानं विचारलं.

“अकराला. जेवणाची झुंबड असते ना. हातच हात.” आणि आपला हिशेब चोख आहे हे दाखवायला बाईंनी पेन्सिल घेऊन रिकाम्या खुंट्यांवरच्या बिल्ल्यांवरून सर्रकन फिरवली. ठण, ठण, ठण, ठण, ठक, ठण, ठण.

“पुन्हा,” तामता म्हणाली.

“काय पुन्हा?”

“पेन्सिल. पुन्हा फिरवा ना, मावशी.”

ठण, ठण, ठण, ठण, ठक.

बाईंनी एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदाच कोड्यातून मान वर केली आणि सतरा नंबरच्या खुंटीकडे पाहिलं. “अगो बाई,” त्या म्हणाल्या. “हा लाकडी आहे.”

“तुमच्याकडे लाकडी असतात?”

“असायचे. आठ वर्षांपूर्वी वरून पत्र्याचे आले. जुने वोंद्रुश्कांनी मागून नेले, परीक्षेला म्हणून. पण माझ्या बोटांना अजून लाकूडच खरं वाटतं. आला असेल, घेतला असेल.”

“द्या ना तो मला. माझं सगळं शिक्षण त्याच्यावर लटकलंय.”

“कोट परत आल्याशिवाय बिल्ला खुंटीवरून सुटत नाही. नियम आहे.”

तामतानं डोळे मिटले. कुणीतरी घाईत पिशवीतला बिल्ला इथं दिला आणि आस्लाकचा कोट घालून गेलं. मग त्या माणसाचा स्वतःचा पत्र्याचा बिल्ला अजून त्याच्याच खिशात असणार. आणि त्याचा स्वतःचा कोट...

“मावशी, मंगळवारपासून न नेलेला एखादा कोट आहे?”

“एकतीस. दोन दिवस लटकलाय.” बाई पुन्हा कोड्यात शिरल्या. “मालक गेला असेल. परीक्षेच्या दिवसांत होतं असं.”

एकतीस नंबरला एक काळा, आखूड, कोपरांना चामड्याची ठिगळं लावलेला कोट होता. लहान चणीच्या माणसाचा. उणे नऊमध्ये हा माणूस दोन दिवस कोटाशिवाय हिंडतोय आणि त्याला पत्ताच नाही, असं कसं होईल? अंगावर दुसरा कोट असला तरच. मोठा.

“आस्लाक,” ती हळूच म्हणाली, “तुझ्या त्या पुड्या दिसतात कशा?”

“दिसतात कशा म्हणजे? पांढऱ्या, नखाएवढ्या. लांबून बघितलं तर चहाच्या वाटतील.”

५

गुरुवारी दहाला समिती बसली. मधोमध उपडीन ह्लाडिक. त्यांना बाराच्या आत अशा तीन समित्या उरकायच्या होत्या. डावीकडे श्कोपकोवा मॅडम. उजवीकडे प्रोफेसर. बुधवार त्यांनी आजारपणात काढला होता आणि आज थंडी वाजते म्हणून कोट घालूनच बसले होते. दाराशी ब्लँकेट उभं होतं. साक्षीदार म्हणून त्याला आत घेतलं होतं.

“कुमारी किकनाद्झे, बिल्ला कुठं आहे?”

“सतरा नंबरच्या खुंटीवर. खाली, कोटांच्या खिडकीत.” तामता म्हणाली.

“तुम्ही नेऊन ठेवलात?”

“मी दिला असता, तर मला दुसऱ्याचा कोट मिळाला असता. माझा मला मिळाला. मॅडम, पिशवीत हात घालायच्या आधी तुम्ही मला काय करायला लावलंत?”

“बाह्या वर. कोपरापर्यंत.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना. अपवाद नाही.”

“सरांना?”

मॅडमनी प्रोफेसरांच्या बाह्यांकडे पाहिलं.

“साडेआठला पिशवीत साठ होते,” तामता म्हणाली. “तुम्हीच मोजलेत. त्यानंतर बाह्या खाली असलेला एकच हात पिशवीजवळ होता. मंगळवारी अकराला त्याच हाताला रश्शाची घाई होती. त्यानं खिशातून बिल्ला काढला, खिडकीत टाकला, जो कोट आला तो चढवला आणि पळाला. बिल्ला लाकडी होता हे त्यानं पाहिलं नाही, आणि मिलुशाबाई तर काहीच बघत नाहीत. सर, जरा उभे राहता? हात खाली सोडून.”

प्रोफेसर उभे राहिले. हात खाली सोडल्याबरोबर दोन्ही नाहीसे झाले. कोटाची कड बुटांना टेकली.

“माझा कोट!” ब्लँकेट म्हणालं. “सर, खिशात डबी होती.”

“चहाची?” प्रोफेसरांनी डबी काढून दिली. “संपला. फार कडक आहे हो तुमचा चहा.”

आस्लाकनं रिकाम्या डबीत पाहिलं. “अकराच्या अकरा?”

“दोन-दोन करून. शेवटची तेवढी एकटी.”

“सर, तुम्ही जिवंत आहात हे नॉर्वेत कुणाला खरं वाटणार नाही.”

“मुद्द्यावर या,” ह्लाडिक म्हणाले. “वोंद्रुश्का, बिल्ला तुमच्या खिशात गेला कसा?”

प्रोफेसर पुन्हा खुर्चीत बसले.

“ही आत यायच्या जरा आधी मीच काढून ठेवला होता. या मुलीच्या तोंडून जांघेतला मार्ग मी दोनदा ऐकलाय. दुसऱ्यांदा तर तिनं तो मानेत नेऊन सोडला. तिसऱ्यांदा ऐकायचं मला बळ नव्हतं.” ते खाकरले. “आणि पोरगी वाईट नाही. मग मॅडम म्हणाल्या सतरा नाही, तेव्हा मी खिशात हात घातला. बिल्ला होता, पण पत्र्याचा. मला वाटलं, चला, म्हणजे आपण लाकडी काढायचा नुसता विचार केला असणार.”

त्यांनी जाकिटातून पत्र्याचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. एकतीस.

तामताच्या छातीवरचा दगड उतरला. साधारण चार सेकंद तो खालीच होता.

“म्हणजे,” मॅडम सावकाश म्हणाल्या, “ती परीक्षेला बसली तेव्हा पिशवीत साठ बिल्ले नव्हते.”

“म्हणजे सोडत नियमाप्रमाणे नव्हती,” ह्लाडिक म्हणाले.

“म्हणजे ती परीक्षा झालीच नाही.”

“नापासही नाही, पासही नाही.” ह्लाडिकनी घड्याळ पाहिलं. “तिसरी खेप अजून शिल्लक आहे. परीक्षांची मुदत मात्र आज बाराला संपते. बिल्ला वर मागवा. आताच घेऊन टाकू.”

६

मिलुशाबाई स्वतः वर आल्या. आस्लाकचा कोट डोळ्यांनी बघितला, तेव्हा कुठे लाकडी बिल्ला हातातून सुटला. मॅडमनी साठ मोजले. दोनदा. पिशवी तामतासमोर आली.

“बाह्या.”

तिनं बाह्या वर केल्या. दोन दिवसांत तिनं पुस्तक उघडलं नव्हतं. चोर शोधत फिरताना अभ्यास कोण करतं? हात आत गेला. वरचा बिल्ला तिनं सोडला, कारण तोच नुकता टाकलेला असणार. खालचाही सोडला, कारण मॅडमनी पिशवी हलवली होती. कडेचा एक उचलला.

तळवा उघडला.

“अरे देवा,” प्रोफेसर म्हणाले आणि सवयीनं चहाच्या डबीकडे हात नेला.

सतरा.

तामताच्या डोक्यात चार भिंती उभ्या राहिल्या आणि नेहमीप्रमाणे पडायला लागल्या. पुढची कुठली, मागची कुठली, वरची... कुताइसीतल्या तिघी बायका आपापले गुडघे धरून तिच्याकडे बघत होत्या. तिनं नजर चुकवली. ती खुर्चीवर पडलेल्या आस्लाकच्या कोटावर जाऊन थांबली. जाड, नॉर्वेचा, आतून अस्तर, मधे कापूस, वर लोकर.

“हा घेऊ का?” तिनं विचारलं.

“त्याला आता सगळेच घेतात,” आस्लाक म्हणाला.

तिनं कोट टेबलावर पसरला, आत हात घातला आणि मूठ अस्तरावर दाबली. “ही पोटाची भिंत. तीन थर. जन्माच्या आधी वृषण पोटात असतो, तो हा, माझी मूठ. त्याला खाली उतरायचंय. तो सरळ भोक पाडून जात नाही. तिरका घुसतो, आणि जाताना एकेक थर बाहीसारखा स्वतःवर ओढून घेतो. आधी अस्तर. मग मधला स्नायूचा. मग वरचा.” मूठ तिरकी पुढे सरकत होती आणि कोट तिच्यावर चढत होता. “आतलं तोंड इथं, बाहेरचं तोंड इथं, जरा मधल्या बाजूला. दोन्ही समोरासमोर नाहीत, म्हणून खोकलो तरी आतडं सहसा बाहेर येत नाही. थर दुबळा झाला की येतं. तोच हर्निया.”

तिला भिंतींची नावं आठवावी लागलीच नाहीत. ती बोट ठेवत गेली आणि नावं येत गेली. दहाव्या मिनिटाला ह्लाडिक पुढे वाकले. पंधराव्या मिनिटाला मिलुशाबाई म्हणाल्या, “माझ्या नवऱ्याचं असंच झालं होतं.” मॅडमनी त्यांना गप्प केलं नाही.

वीस मिनिटांनी तामतानं हात बाहेर काढला आणि कोट झटकून ठेवला.

“बी,” प्रोफेसर म्हणाले. उपाहारगृहात जायच्या आधी, उभ्या उभ्याच त्यांनी सही केली. मग ते खाली गेले, खिडकीत पत्र्याचा एकतीस नंबर दिला, आणि मिलुशाबाईंनी तो आधी दातांनी चावून पाहिला.

सोमवारी, इमारत विभाग उघडला त्याच सकाळी, शैक्षणिक विभागात पुढील अर्ज दाखल झाला. तो अजून तिथेच आहे.

प्रति,
मा. उपडीन, शैक्षणिक विभाग

विषय: जादा उत्तीर्णतेबाबत

महोदय,
अर्जदार तामता किकनाद्झे, द्वितीय वर्ष, ही गत गुरुवारी शरीररचना विषयात ‘बी’ श्रेणीत उत्तीर्ण झाली असून त्याबद्दल तिची तक्रार नाही. त्याआधी मंगळवारी ती याच विषयात ‘सी’ श्रेणीत उत्तीर्ण झाली होती. ती परीक्षा झालीच नाही असे समितीने ठरवले, तेही अर्जदारास मान्य आहे. तथापि प्रश्न क्रमांक बेचाळीसचे उत्तर अर्जदाराने प्रत्यक्ष दिलेले आहे व विद्यापीठाने ते अद्याप परत केलेले नाही. सबब सदर उत्तीर्णता अर्जदाराच्या नावे राखून ठेवावी, आणि येत्या उन्हाळ्यात शरीरक्रियाशास्त्रात ती नापास झाल्यास त्या जागी वापरण्यात यावी, ही नम्र विनंती.